तीन रांगांची आलिशान एसयूव्ही पारखायची तर सुरुवात मागच्या रांगेपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील, दोन, सहा आणि अकरा वर्षांची तीन मुले, आणि महिन्यातून दोन-तीनदा सोबत येणारे आजी-आजोबा, अशा सात जणांसाठी मध्यम आकाराची, तीन रांगांची आलिशान एसयूव्ही घ्यायची आहे. चार-पाच गाड्यांची माहितीपत्रके शेजारी ठेवली तर आकडे जवळपास सारखेच दिसतात, शोरूममध्ये जेमतेम अर्ध्या तासाची फेरी मिळते आणि तेवढ्या वेळात नेमके काय पाहायचे ते उमगत नाही. जोडीला दोन उपप्रश्न आहेत: प्लग-इन हायब्रिड (म्हणजे चार्ज करून काही अंतर विजेवर आणि पुढे पेट्रोलवर चालणारी गाडी) घ्यावी का, आणि तीन-चार वर्षे वापरलेली गाडी चालेल का.

खरेदीपूर्व तपासणी हेच माझे काम असल्यामुळे या वर्गातल्या गाड्या माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या आहेत, आणि ग्राहकाची चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. तो चालकाच्या सीटवर बसतो, स्टिअरिंग हातात घेतो, पडदा चाळतो, एकटाच किंवा विक्रेत्याला शेजारी बसवून एक फेरी मारतो आणि गाडी आवडली असे ठरवतो. व्होल्वो एक्ससी९०, ऑडी क्यू७, अक्युरा एमडीएक्स, लेक्सस टीएक्स, इन्फिनिटी क्यूएक्स६० यांपैकी कोणत्याही गाडीच्या पुढच्या दोन सीट वाईट नाहीत. त्या तशा असत्या तर ही किंमत कोणी मोजली नसती. या गाड्यांमधला खरा फरक चालकाच्या पाठीमागे आहे, आणि तो सात माणसे आत बसल्याशिवाय दिसत नाही. म्हणून गाडी मागून पुढे तपासावी, आणि भरलेलीच तपासावी. शोरूमला आधी कळवून दोन तासांची वेळ मागून घ्या, सातही जणांना, दोन्ही चाइल्ड सीट, बाबागाडी आणि नेहमीच्या प्रवासी बॅगा घेऊन जा. विक्रेता थोडा कुरकुरेल, पण एवढ्या रकमेच्या खरेदीला नाही म्हणणारा विक्रेता मला क्वचितच भेटला आहे.

तिसऱ्या रांगेपासून सुरुवात करू. माहितीपत्रकातला ‘लेगरूम’चा आकडा म्हणजे गुडघ्यासमोरची मोकळी जागा, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो चुकीचा आहे. प्रचलित मापनपद्धतीत बसलेल्या पुतळ्याच्या घोट्याच्या सांध्यापासून नितंबाच्या सांध्यापर्यंतचे अंतर घेऊन त्यात ठरावीक २५४ मिलिमीटर मिळवतात. पाय लांबवर पसरून बसावे लागत असेल तरीही हा आकडा चांगला येतो. गुडघे छातीजवळ येतात की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय मधली रांग पुढे-मागे सरकणारी असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेचे छापलेले आकडे एकाच वेळी खरे असतीलच असे नाही. म्हणून मोजपट्टी खिशात ठेवावी आणि एक वेगळेच माप घ्यावे: तिसऱ्या रांगेतल्या बैठकीची पुढची कड पायाखालच्या तळापासून किती उंच आहे. घरातली साधी खुर्ची ४३ ते ४५ सेंटिमीटर उंच असते. इथे ते माप ३० सेंटिमीटरच्या खाली गेले, तर प्रौढ माणसाच्या मांड्या बैठकीवरून अधांतरी उचलल्या जातात, सगळे वजन माकडहाडावर येते आणि वीस मिनिटांत तो चुळबुळू लागतो. विजेवरच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी तळाखाली असल्यामुळे तळ उचललेला असतो आणि ही अडचण वाढते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर, इथे निर्णायक ठरतो. लेक्ससने २०१७ च्या अखेरीस आपल्या दोन रांगांच्या आरएक्सला तिसरी रांग जोडून आरएक्स एल आणली. व्हीलबेस तसाच ठेवून फक्त मागचा भाग सुमारे ११ सेंटिमीटरने लांबवला होता. परिणाम व्हायचा तोच झाला: तिसरी रांग होती, पण ती लहान मुलांच्याच कामाची. पुढे तिच्या जागी आलेली टीएक्स मुळातच तीन रांगांसाठी बेतलेली आहे. तिचा व्हीलबेस २,९५० मिलिमीटर, म्हणजे आरएक्स एलपेक्षा १६ सेंटिमीटरने जास्त आहे, आणि तो फरक मागे बसल्याबरोबर गुडघ्यांना कळतो. कोणतीही गाडी पाहताना हा एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही गाडी तीन रांगांसाठी जन्माला आली, की दोन रांगांच्या गाडीत तिसरी कोंबली आहे? बीएमडब्ल्यू एक्स५ आणि मर्सिडीज जीएलई यांच्यात तिसरी रांग ‘पर्याय’ म्हणून मिळते, आणि पर्याय या शब्दातच उत्तराचा बराचसा भाग येतो.

जागेइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे तिथे पोहोचणे. मागे एका ग्राहकाने आपल्या आईंना सोबत आणले होते. वय सत्तरीच्या आसपास, गुडघे दुखरे, पण हिंडण्या-फिरण्याची हौस दांडगी. विक्रेत्याने बटण दाबले, मधली सीट ऐटीत पुढे सरकली. आईंनी एक पाय आत टाकला, कंबर वाकवली, आणि हात आधारासाठी हवेत फिरू लागला. पकडायला मूठ होतीच, पण ती मागच्या खांबावर, त्यांच्या हातापासून वीतभर लांब. शेवटी त्यांनी समोरच्या सीटबेल्टचा पट्टा धरला, तो सरकन बाहेर आला आणि त्या तिसऱ्या सीटवर जवळजवळ कोसळल्या. हसून वेळ निभावली खरी, पण उतरताना कथा आणखी अवघड झाली, कारण मधली सीट पुढे ढकलायची कळ आतून हाताला लागत नव्हती. तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात: पाऊल ठेवायला सपाट जागा किती आहे, चढताना हात कुठे टेकतो, आणि मागे बसलेल्या माणसाला कोणाच्या मदतीशिवाय बाहेर येता येते का. शेवटचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. अपघातानंतर तोच सुरक्षेचा मुद्दा होतो.

आता तुमच्या कुटुंबाचे गणित मांडू, कारण ‘सात सीट’ आणि ‘आमचे सात जण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे आई-वडील. दोन वर्षांच्या बाळाची सीट अजून मागे तोंड करून लावलेली असणार आणि ती मधल्या रांगेतच असावी, कारण बाळापर्यंत मोठ्याचा हात पोहोचला पाहिजे. आजी-आजोबांना तिसऱ्या रांगेत पाठवू नये. म्हणजे मधल्या रांगेत एका कडेला बाळ आणि उरलेल्या दोन जागांवर आजी-आजोबा. मागे सहा आणि अकरा वर्षांची मुले. ही मांडणी मान्य असेल तर त्यातून बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीट असलेली सहा आसनी गाडी कितीही देखणी असली तरी तुमच्या यादीतून बाद होते. लेक्सस टीएक्सच्या हायब्रिड ५००एच आणि प्लग-इन ५५०एच प्लस या आवृत्त्या सहा आसनीच आहेत, हे ध्यानात घ्या. मधल्या बेंचची रुंदी मोजावी लागेल, आणि चाइल्ड सीट प्रत्यक्ष लावूनच मोजावी लागेल, कारण तिचा पाया शेजारच्या बेल्टच्या बकलवर चढतो आणि आजोबांना बेल्ट लावता येत नाही, असा प्रकार मी वारंवार पाहतो.

तिसऱ्या रांगेची वाट बाळाच्या सीटच्या विरुद्ध बाजूने ठेवावी आणि ती बाजू शक्यतो रस्त्याच्या कडेची असावी. बेंच ६०:४० अशी विभागलेली असते. कोणता तुकडा कुठल्या बाजूला आहे ते पाहूनच बाळाची जागा ठरवा, नाहीतर मुलांना मागे पाठवताना दर वेळी बाळाची सीट काढावी लागेल. या बाबतीत इन्फिनिटी क्यूएक्स६० ची एक युक्ती मला मनापासून आवडते: बाळ सीटमध्ये नसताना, चाइल्ड सीट न काढता, मधली सीट पुढे कलून वाट मोकळी होते. सहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या रांगेत पाठीसह बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, लागेल, आणि तिथे खांद्यावरचा पट्टा गळ्याला घासतो का, बूस्टरची पाठ हेडरेस्टला अडते का, हे मूल बसवूनच कळते. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवण्याच्या व्यवस्थेच्या, खालच्या दोन कड्यांमधले अंतर जगभर २८० मिलिमीटर असे प्रमाणित आहे, पण ती कडी कोणकोणत्या सीटवर द्यायची ते कंपनी आणि बाजारपेठ यांच्यावर अवलंबून असते. ऑडी क्यू७ ने ती मागच्या पाचही जागांवर देऊन उदारपणा दाखवला आहे. इतर अनेक गाड्यांत तिसरी रांग कोरडीच असते. एक्ससी९० च्या मधल्या रांगेच्या मधोमध सीटमध्येच दडवलेला बूस्टर मिळतो. एकुलत्या मुलाच्या घरात तो वरदान आहे, पण तुमच्या मांडणीत त्या जागेवर आजी बसणार, म्हणून त्याला गुण देताना हात आखडता घ्यावा.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या समोरून आणि बाजूने आदळण्याच्या चाचण्यांत मुलांचे पुतळे मधल्या रांगेत बसवतात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ पासून समोरून आदळण्याच्या एका चाचणीत चालकाच्या मागे छोट्या चणीचा पुतळा बसवायला सुरुवात केली, आणि त्यानंतर मागच्या सीटकडे कंपन्यांचे लक्ष गेले, हे चांगलेच झाले. परंतु तिसऱ्या रांगेतल्या पुतळ्याला किती मार लागला, यावर हे गुण ठरत नाहीत. गाडीचे पाच तारे तुमच्या मागे बसणाऱ्या दोन मुलांविषयी फारसे काही सांगत नाहीत. मग स्वतः पाहायचे ते असे: बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, तिथल्या बेल्टला प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी यंत्रणा, आहे का, कारण पुष्कळ गाड्यांत तो पुढे आणि मधल्या रांगेच्या कडांनाच असतो, हेडरेस्ट अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यामागे नीट येतो का, आणि डोक्याच्या मागच्या भागापासून टेलगेटच्या काचेपर्यंत किती अंतर उरते. हे अंतर वीतभरच असेल तर मागून बसणाऱ्या धडकेत मधे चेपायला लोखंड कमी असते, एवढे समजण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

डिकीच्या आकड्यांवर माझा विश्वास सर्वांत कमी आहे. युरोपीय पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरच्या, म्हणजे बरोबर एक लिटरच्या ठोकळ्यांनी डिकी भरून ठोकळे मोजतात. इतरत्र घनफुटांत मोजतात. कोणी खिडकीच्या काचेपर्यंत मोजतो, कोणी छतापर्यंत, आणि तळाखालचा कप्पा कधी धरतात, कधी सोडतात. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी लावून काही निष्पन्न होत नाही. तिसरी रांग उभी ठेवून, टेलगेट बंद असताना, तिच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली दोनदा मोजा: एकदा तळाशी, एकदा खिडकीच्या रेषेवर. टेलगेट पुढे झुकलेले असेल तर वरचे माप दहा-पंधरा सेंटिमीटरनेही कमी भरते, आणि उभी ठेवलेली बाबागाडी नेमकी तिथेच अडते. सातही माणसे असताना सातांच्या बॅगा या वर्गातल्या कोणत्याच गाडीत मावत नाहीत, हे आधीच स्वीकारलेले बरे. छतावर पेटी लागणारच.

इथून आपण वजनाकडे येतो, आणि हा भाग इतका दुर्लक्षित आहे की त्यावर थोडे रेंगाळणे मला भाग आहे. गाडीने वाहून न्यायच्या माणसांची आणि सामानाची कमाल मर्यादा ठरलेली असते. ती चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर तरी लिहिलेली असते, नाहीतर कागदपत्रांतल्या एकूण अनुज्ञेय वजनातून गाडीचे स्वतःचे वजन वजा करून काढावी लागते. युरोपीय आकड्यांत गाडीच्या स्वतःच्या वजनात चालकाचे ७५ किलो आधीच धरलेले असतात, ते दोनदा मोजू नयेत. आता तुमचेच उदाहरण घेऊ. चार प्रौढ मिळून साधारण २७५ किलो, तीन मुले ७०, दोन चाइल्ड सीट २०, माणशी बारा किलोची बॅग धरली तर ८५, बाबागाडी १०: एकूण ४६०. छतावरची पेटी, तिचे दांडे आणि त्यातले सामान मिळून आणखी ६०-६५ किलो. म्हणजे तुम्ही ५२० च्या पुढे गेलात, आणि अजून कोणी पाण्याची बाटलीही आत आणलेली नाही. या वर्गातल्या काही गाड्यांची मर्यादा याच आकड्याच्या आसपास घुटमळते. त्यातच मोठी चाके, काचेचे प्रशस्त छत, विजेवर मिटणाऱ्या सीट अशा प्रत्येक हौसेचे वजन गाडीच्या खात्यात जमा होते आणि तुमच्या मर्यादेतून वजा होते. एकाच मॉडेलच्या साध्या आवृत्तीची वहनक्षमता महागड्या आवृत्तीपेक्षा जास्त असणे ही नेहमीची गोष्ट आहे. मागे ट्रेलर जोडणार असाल तर त्याच्या दांड्याचे हुकावर पडणारे वजनही याच मर्यादेत मोजायचे असते. छताची स्वतंत्र मर्यादा बहुधा ७५ ते १०० किलो असते आणि पेटी व दांडे त्यातच धरतात.

भरलेली गाडी रस्त्यावर आली की तिचा स्वभाव बदलतो. साध्या स्प्रिंगची गाडी मागून खाली बसते, हेडलाइट आभाळाकडे बघू लागतात, आणि गतिरोधकावर मागचे सस्पेन्शन तळाला टेकून धप्प असा आवाज येतो. एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा, खरा फायदा मऊपणात नसून, सात माणसे बसली तरी गाडीची उंची सारखी ठेवण्यात आहे. मात्र ते सगळ्यांनाच हवे असे नाही. एक्ससी९० ची साधी आवृत्ती मागच्या बाजूला तंतुमिश्रित साहित्याची आडवी पाट्याची स्प्रिंग वापरते. ती जागा कमी खाते आणि वर्षानुवर्षे त्रास देत नाही. चाकांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: २१ किंवा २२ इंची चाके छायाचित्रात शोभतात, पण टायरची जाडी घटते आणि प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोहोचतो. १९ किंवा २० इंची चाके मिळत असतील तर तीच घ्यावीत आणि शोरूमची गाडी कोणत्या चाकांवर उभी आहे ते आधी विचारावे, कारण फेरी एका चाकावर मारायची आणि ताबा दुसऱ्या चाकावर घ्यायचा, असे होता कामा नये.

फेरीत चालवणे दुसऱ्याकडे सोपवून तुम्ही स्वतः निदान पंधरा मिनिटे तिसऱ्या रांगेत बसा. तिथे माणूस मागच्या चाकांच्या डोक्यावर किंवा त्यांच्याही मागे असतो, त्यामुळे गाडीचे वर-खाली होणे आणि वळणावरचे हेलकावे पुढच्यापेक्षा जास्त जाणवतात; त्यात खिडकीची कड उंच असेल आणि समोर मोठ्या सीटची पाठ असेल तर मुलाला बाहेरचे क्षितिज दिसत नाही. गाडी लागण्याचे कारण हेच: कान सांगतो हलतो आहोत, डोळे सांगतात स्थिर आहोत. माझ्या स्वतःच्या घरी आलेल्या अशाच एका गाडीत, घाटातल्या तिसऱ्या वळणावर माझ्या मुलीने ते सप्रमाण सिद्ध केले होते, आणि त्या गाडीच्या तिसऱ्या रांगेला हवेचे झरोके होते तरी स्वतंत्र ब्लोअर नव्हता, हे मला तेव्हा कळले. झरोका असणे आणि त्यातून पुरेशी हवा येणे यांत फरक आहे. गाडी अर्धा तास उन्हात उभी ठेवायला सांगा, मग एसी लावून मागे हात धरा. पाच मिनिटांत गार झोत लागला नाही तर कागदावर ‘चार झोनचे वातानुकूलन’ लिहिले असले तरी उपयोग नाही.

शांतता हाच आलिशानपणाचा खरा कस आहे असे मला वाटते. ताशी १०० किलोमीटरला चालकाने नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलावे आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाने ते परत म्हणून दाखवावे. पुढच्या काचांना दुपदरी आवाजरोधक काच असते, मागे बहुधा साधी. म्हणून चालकाला शांत वाटणारी गाडी मागे गुरगुरत असते. हे सांगायचे कारण असे की यांतल्या कित्येक गाड्यांना साधी भावंडे आहेत: टीएक्सचा सांगाडा टोयोटा ग्रँड हायलँडरशी, क्यूएक्स६० चा निसान पाथफाइंडरशी जुळतो. जागा दोघांतही जवळपास तेवढीच. जास्तीचे पैसे आपण शांततेसाठी, कातड्यासाठी आणि सस्पेन्शनसाठी मोजतो. ते सुख पहिल्या रांगेतच संपत असेल तर भावंडाची फेरी मारून पाहायला कमीपणा मानू नये. आणि चार प्रौढांनी रोजच मागे बसायचे असेल तर सरकत्या दारांची व्हॅन यांतल्या प्रत्येक गाडीपेक्षा सरस आहे; तुमची तशी गरज दिसत नाही, म्हणून तो विषय वाढवत नाही.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, कारण आजकाल रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. सातही जण बसलेले असताना चढावर ६० वरून १०० पर्यंत वेग वाढवून पाहा. दोन टनांच्या वरची गाडी आणि दोन लिटरचे टर्बो इंजिन ही जोडी आता सर्रास झाली आहे. एक्ससी९० ची दुसरी पिढी तर चार सिलिंडरांवरच चालते. ताकद पुरते, पण भरलेल्या गाडीत चढावर इंजिन वरच्या फेऱ्यांत ओरडते आणि इंधनाचा खप माहितीपत्रकाला सोडून निघून जातो. एमडीएक्सचे साडेतीन लिटरचे टर्बोविरहित व्ही६ इंजिन कागदावर जुनाट दिसते, पण त्याची ताकद सावकाश, अंदाज बांधता येईल अशी वाढते आणि मला तरी कुटुंबाच्या गाडीत ते आवडते. पडदा, ध्वनियंत्रणा, आतले रंगीत दिवे यांना पाच मिनिटे पुरेत. तापमान बदलायला पडद्यात किती खोल जावे लागते तेवढे पाहून घ्या.

प्लग-इन हायब्रिडच्या प्रश्नाचे उत्तर बॅटरी कुठे ठेवली आहे यावर ठरते. बीएमडब्ल्यू एक्स५, मर्सिडीज जीएलई आणि ऑडी क्यू७ यांच्या प्लग-इन आवृत्त्या पाच आसनीच आल्या, कारण मागच्या तळातली जागा बॅटरीने आणि सरकवलेल्या इंधनटाकीने घेतली. एक्ससी९० मध्ये बॅटरी दोन सीटच्या मधल्या बोगद्यात लांबट मांडली आहे, म्हणून तिसरी रांग शाबूत राहिली. २०२२ च्या मॉडेलपासून तिची क्षमता १८.८ किलोवॅट-तास आहे आणि मुलांना शाळेत सोडणे, कामावर जाणे एवढा रोजचा फेरा त्यात भागतो. घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची हक्काची सोय असेल तर ती घ्यावी. सोय नसेल तर काही क्विंटलांचे ओझे विनाकारण घेऊन फिरायचे आणि वर मांडलेल्या वजनाच्या हिशेबात कात्री लावून घ्यायची, यात अर्थ नाही.

माझा कौल विचाराल तर, वरच्या मांडणीसाठी मी सात आसनी पेट्रोल टीएक्स आणि क्यू७ या दोन गाड्या आधी पाहीन: पहिली मागच्या दोन मुलांच्या वाढत्या पायांसाठी, दुसरी आयसोफिक्सच्या मुबलक जागांसाठी आणि रस्त्यावरच्या शांतपणासाठी. चार्जिंगची सोय असेल तर एक्ससी९० ची प्लग-इन आवृत्ती त्यांच्या पंक्तीला बसते, पण अकरा वर्षांचा मुलगा तीन वर्षांत उंच होणार, हे विसरून चालणार नाही.

तीन-चार वर्षे वापरलेली गाडी अवश्य चालेल, किंबहुना या वर्गात सुरुवातीची घसरण मोठी असल्यामुळे पैशाच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे आहे. फक्त तपासणी वेगळी. एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करवून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा आणि सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पुन्हा मोजा. एखादा कोपरा दोन सेंटिमीटरने खाली बसला असेल तर हवा गळते आहे, आणि ती भरून काढताना कॉम्प्रेसरही झिजत आलेला असणार. दोन्हींचा खर्च भावातून वळता करून घ्यावा. एक्स५ आणि क्यू७ यांच्यात झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे काही वाहन उत्पादक सांगत आले, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचे ऐकतो. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच जातीचे आणि सारख्या झिजेचे हवेत, कारण चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेला टायरच्या व्यासातला फरक सोसत नाही. सतरा अक्षरांच्या चासी क्रमांकावरून कंपनीने परत बोलावलेली कामे झाली आहेत का, तेही पाहून घ्या.

आणि शेवटी तिसरी रांग मिटवून तिच्या पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचला, हाताचा पंजा सपाट दाबून धरा, मग डिकीतला स्टेपनीचा कप्पा उघडून तिथेही तसेच करा. मोठ्या काचेच्या छताला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पानांनी-मातीने तुंबल्या की पाणी आतून उतरून नेमके मागच्या तळाशी साठते, आणि अनेक गाड्यांत वायरिंगचे जोड आणि नियंत्रण पेट्या तिथेच बसवलेल्या असतात. हाताला ओल लागली किंवा कुबट वास आला, तर विक्रेता कितीही सूट देत असला तरी ती गाडी तिथेच सोडून पुढची पाहावी.